पाकळीचा ल

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरती, मोदक, लहान मुलांचे नाच आणि मोठ्यांची गाणी यांच्या अधेमध्ये एक कार्यक्रम असा असतो, ज्याची कुणीही वाट बघत नाही. चिटणीस व्यासपीठावर येतात आणि वार्षिक अहवाल वाचतात. वर्षभरात कोणते सण झाले, कोण बदली होऊन गेलं, कोण नव्याने कोलकात्यात आलं, कुणाच्या मुलाने बारावीत नाव काढलं, आणि सगळ्यात शेवटी आभार. अहवाल सुरू झाला की मागच्या रांगा चहाला उठतात. आमचे चिटणीस म्हणजे माझे बाबा. मला कळायला लागल्यापासून हा अहवाल त्यांनीच वाचलेला आहे. चष्मा पुसायचा, कागद दोन्ही हातांनी धरायचा, घसा साफ करायचा, आणि उठून जाणाऱ्यांकडे ढुंकूनही न बघता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. लहानपणी त्यांच्या वतीने मलाच लाज वाटायची.

गेल्या उन्हाळ्यात एकदा जेवताना बाबा म्हणाले, "यंदाचा अहवाल दुसऱ्या कुणीतरी वाचावा."

आईने आमटीची पळी हवेतच धरली. कारण आम्हा दोघींना माहीत होतं, पण ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच येत होतं. बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याची मधोमध झीज झाली होती. इंजेक्शनांनी ती आहे तिथे थांबली, पण गेलं ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. कडेचं सगळं दिसायचं, नेमकं ज्याच्याकडे बघावं ते धूसर. "माणूस दिसतो, नाक दिसत नाही," असं ते विनोदाने सांगायचे. ऑफिसात चालून जात होतं, गार्डन रीचच्या रेल्वे मुख्यालयात हाताखाली वाचून दाखवणारी माणसं होती. घरी मात्र त्यांनी वाचणं सोडून दिलं होतं. पुण्याहून आत्या पाठवायची ती मासिकं पाकिटातच राहू लागली. आणि आता अहवाल.

मंडळाचे अध्यक्ष आमच्याकडे येऊन बसले. बँकेतून निवृत्त झालेले, गोड बोलणारे काका आहेत. म्हणाले, "अहो, तुम्ही सांगता तसं तुमची मुलगी टाइप करते, म्हणजे तुम्हाला सगळं पाठच असतं. कागद नुसता हातात धरा आणि बोला. कुणाला कळणार आहे?"

बाबा म्हणाले, "पाठ म्हणतात ते भाषण. अहवाल वाचायचा असतो."

त्यावर काकांनी आणखी पोहे घेतले आणि विषय बदलला. मला मात्र राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. डोळ्यांचा असेल, काकांच्या गोड आवाजाचा असेल. मी तापट आहे, घरात म्हणतात आजोबांवर गेलेय. काका गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "तुम्हाला वाचता येईल असं अक्षर मी करते. अहवाल तुम्हीच वाचायचा."

हे बोलायला माझ्याकडे थोडा आधार होता, फार नाही. मी इथल्याच एका कॉलेजात डिझाइन शिकत होते, शेवटचं वर्ष होतं, आणि मला अक्षरांचं वेड होतं. पण कॉलेजात अक्षररचना शिकवत ती रोमन आणि बांगला लिपीची. ते बरोबरच आहे, इथे एस्प्लनेडला भर बाजारात उतरून चारी बाजूंना बघितलं तर देवनागरी पाटी शोधावी लागते. सरांना मी माझी कल्पना सांगितली तेव्हा ते म्हणाले, प्रोजेक्ट म्हणून हे मी आनंदाने मंजूर करतो, पण देवनागरी मला येत नाही, ती तुझी तुलाच शिकावी लागेल. त्यांनी ते इतकं सरळ सांगितलं की मला ते आवडून गेलं.

माझी स्वतःची देवनागरीही शाळेतल्या हिंदीच्या पुस्तकातून आलेली होती. मी दुसरीत असताना बाबांची इथे बदली झाली आणि मग आम्ही इथेच राहिलो. मराठी घरात, बांगला गल्लीत, हिंदी आणि इंग्रजी शाळेत. पुण्याची भावंडं माझ्या मराठीला हसतात. आता हे लिहितेय तेसुद्धा आईच्या हाताखालून गेलेलं आहे, आणि तिने कुठे कुठे काय खोडलं ते मी सांगणार नाही.

तर मी शोधायला बसले. 'टायपोग्राफी शिका, फुकट' असं शोधलं की इंटरनेट आधी आपल्याला मूर्खात काढतं. पहिला धडा फुकट, दुसऱ्याला कार्डाचा नंबर. एका ठिकाणी फुकट पुस्तक म्हणून जे उतरवून घेतलं, ते त्याच पुस्तकाची जाहिरात निघाली. मी चिडून लॅपटॉप मिटायचे आणि थोड्या वेळाने परत उघडायचे. मग हळूहळू कळत गेलं की खरोखर मोकळ्या हाताने दिलेल्या गोष्टी ओरडत नाहीत. त्या एखाद्या विद्यापीठाच्या पानावर खाली कुठेतरी, जुनाट दिसणाऱ्या जागी, निमूट पडलेल्या असतात.

पहिली सापडली ती एका परदेशी शिक्षकाची व्याख्यानं. कॅमेरा वर्गात मागे ठेवलेला, त्यामुळे ते दिसायचे पाठमोरे. फळ्यावर अक्षर काढता काढता बोलायचे. मध्ये खोकला आला की थांबायचे, पाणी प्यायचे, परत सुरू करायचे. अक्षराच्या आतली मोकळी जागा हीसुद्धा अक्षरच असते, हे मी त्यांच्याकडून शिकले. कॉलेजला जाता-येता बसमध्ये शिकले. खिदिरपूरचा गोदीवरचा पूल जहाजासाठी उघडला की दोन्हीकडची वाहतूक थांबते आणि लोक कपाळाला हात लावतात. मी मात्र त्या महिन्यांत पूल उघडला की खूश व्हायचे, कारण एक अख्खं व्याख्यान व्हायचं.

मग एका ग्रंथालयाने स्कॅन करून ठेवलेली जुनी नमुनापुस्तकं सापडली. मुंबईच्या जुन्या छापखान्यांसाठी अक्षरांचे खिळे ओतणाऱ्यांनी आपापली देवनागरी दाखवायला छापलेली ही पुस्तकं. पडद्यावर मोठं करत गेलं की शाई कागदात कशी पसरली तेही दिसायचं. एका पानाच्या कोपऱ्यात, पान दाबून धरणाऱ्याचा अंगठा स्कॅनमध्ये आला होता. नखाला थोडी धूळ. मला तो अंगठा फार आवडला. ज्या कुणाचा तो होता, त्याने ते अख्खं जाड पुस्तक पान पान उलटून यंत्रावर ठेवलं होतं, आणि गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बसलेली मी ते बघत होते. मी त्या अंगठ्याला मनातल्या मनात नमस्कार करायचे, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

आपल्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी बोरूने देवनागरी कशी काढायची याचे हाताने लिहिलेले तक्ते ठेवले होते. कुठून सुरुवात करायची, हात कुठे वळवायचा, सगळं बाणांनी दाखवलेलं. प्रत्येक तक्त्याखाली दोनच शब्द: 'वापरा, वाटा.' मी वापरले. बोरू मिळेना तेव्हा आइसक्रीमची काडी तासून वापरली, आईच्या टेबलक्लॉथचं वाटोळं केलं, ते वेगळं.

अधू डोळ्यांना कोणतं अक्षर सोपं जातं यावरचं संशोधन मात्र बहुतेक कुलपात होतं. शीर्षक आणि सारांश वाचायला मिळायचा आणि पुढे दार बंद. मग विद्यार्थ्यांच्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलेलं वाचलं की लेख लिहिणाऱ्यालाच सरळ विचारा, बहुतेकजण आनंदाने पाठवतात. मला हे खरं वाटलं नाही. तरी परदेशातल्या एका बाईंना मी ईमेल लिहिली, बाबांचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा लेख आला, त्याबरोबर न मागितलेले आणखी काही लेख, आणि शेवटी विचारलं होतं की वडील वाचताना मान कुठल्या बाजूला वळवतात. मी इतके दिवस त्यांच्यासमोर बसत होते आणि हे बघितलंच नव्हतं. उठून बघायला गेले. बाबा टीव्हीकडे न बघता खिडकीकडे बघत टीव्ही बघत होते. मधलं धूसर झालं की डोळा कडेने बघायला शिकतो, असं त्या बाईंनी पुढे समजावून सांगितलं. मला तोपर्यंत वाटायचं, त्यांचं लक्ष नसतं.

त्या लेखांतून एवढं कळलं की अक्षर नुसतं मोठं करून भागत नाही. फार मोठं केलं तर ते त्या कडेच्या खिडकीत मावतच नाही, अर्धं अक्षर मधल्या धुक्यात बुडतं. म्हणजे आकार बेताचा, पण पोट मोकळं, शिरोरेषा बारीक, शेजारच्या अक्षरांत अंतर, मात्रा जरा सुट्या. हे सगळं मुळापासून काढायला मला वर्षं लागली असती. पण एक चांगला देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली मिळाला, त्याच्या कच्च्या फायलींसकट. परवान्यात लिहिलं होतं: वापरा, बदला, पुढे द्या, फक्त बदललेल्याला आमचं नाव देऊ नका. तो उघडायचं सॉफ्टवेअरही कुणीतरी असंच लिहून ठेवलेलं होतं. मी माझ्या बदललेल्या फाँटचं नाव 'चिटणीस' ठेवलं. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "निवडणूक न होता?"

जुलैच्या शेवटी चिटणीस तयार झाला. अहवालाचा मसुदा तोवर बाबांनी मला सांगून टाइप करवून घेतला होता, तोच मी त्यात छापला. एस्प्लनेडच्या छपाईवाल्याने कागद हातात देताना विचारलं, "दीदी, ये नेपाली है?" मी मराठी म्हटल्यावर त्याने कागद पुन्हा घेऊन आदराने एकदा बघितला.

बाबांनी खुर्ची खिडकीशी ओढली, कागद जरा डावीकडे धरला आणि वाचायला लागले. सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि बंधुभगिनींनो. कुठे अडखळले नाहीत. हळदीकुंकू, कोजागरी, बदली होऊन गेलेली कुटुंबं, सगळं घडाघडा. आभारापर्यंत पोचले आणि म्हणाले, "उत्तम आहे. वाचतो मी यंदा."

मला रडू आलं. मी तशीच सगळ्यांना मेसेज करत सुटले, आत्याला, सरांना, त्या परदेशातल्या बाईंना. आई तेवढी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बाबांच्या हातातल्या कागदाकडे बघत होती. रात्रीच्या जेवणाआधी ती माझ्या खोलीत आली, दार लोटलं आणि म्हणाली, "त्यांनी पान उलटलं नाही."

"म्हणजे?"

"पहिलं पान संपलं, दुसरं सुरू झालं. वाचत गेले. पान उलटलंच नाही. मग तुझ्याकडे बघून उलटलं."

मी म्हटलं, तू काहीतरीच बोलतेस. पण मग माझ्या लक्षात यायला लागलं. बाबांनी तो मसुदा स्वतः सांगितला होता, दोनदा वाचून घेतला होता, त्यात दुरुस्त्या केल्या होत्या. त्यांना तो पाठ असणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. अक्षर तपासायला मी नेमका तोच मजकूर दिला होता.

आई माझ्याइतकी रागीट नाही, पण ती जास्त धोरणी आहे. तिने मला बसवलं आणि एक नवा मजकूर सांगितला, मी टाइप केला. सकाळी चहाबरोबर तिने तो कागद बाबांच्या हातात ठेवला. "अहो, हे जरा वाचून दाखवा."

त्यात बाबांविषयीच्या तिच्या तक्रारी होत्या. मला आज त्यातली एक आठवते: काल डॉक्टरांनी बंद केलेला आंब्याचा छुंदा कुणीतरी चमचा न वापरता खाल्ला आणि बरणीचं झाकण उलटं लावलं. बाबांनी कागद डावीकडे धरला, उजवीकडे धरला. "काल डॉक्टरांनी" पर्यंत आले. "बंद के..." इथे थांबले. परत मागून आले. पुन्हा तिथेच थांबले. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत होतो आणि त्यांना ते कळत होतं. शेवटी त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"तू एवढं केलंस," ते मला म्हणाले. "म्हटलं, वाचता येतंय असं निदान वाटू दे तुला."

ज्या माणसाने पाठ केलेला अहवाल म्हणायला नकार दिला, त्याने माझ्यासाठी तो म्हणून दाखवला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता, मला रागावता येतं. पण मी त्यांच्या खुर्चीशी खाली बसले आणि फक्त विचारलं, नक्की कुठे अडतं ते दाखवा. त्यांनी बोटाने दाखवलं. केलेला. खाल्ला. लावलं. पुढच्या ओळींत जिथे जिथे हात थांबला तिथे तिथे तेच. "इथे कुंपण घातल्यासारखं होतं," ते म्हणाले. "काठ्याच काठ्या."

मी त्या शब्दांचे फोटो काढले आणि फाँट करणाऱ्यांच्या एका चर्चेच्या जागी टाकले. तिथे जगभरचे लोक एकमेकांची अक्षरं बघून विनामोबदला सल्ला देत बसतात. मी सगळी हकिगत लिहिली आणि विचारलं, माझ्या ल मध्ये काय चुकलंय? संध्याकाळी एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. त्याने चूक सांगितलीच नाही, दोन प्रश्न विचारले. वडील कोणत्या भाषेत वाचायला शिकले? आणि तू मजकुराची भाषा कोणती निवडली आहेस?

भाषा मी निवडलेली होती हिंदी. पानाची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषांची लांबलचक यादी असते. देवनागरी आली की हिंदीवर बोट ठेवायची सवय मला शाळेपासून लागलेली. तिथे मराठी असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. घरात आई-बाबांशी जन्मभर मराठी बोललेल्या मुलीने यादीत मराठी शोधलीच नव्हती. पुण्याच्या भावंडांना हे कळलं तर वर्षभर पुरेल त्यांना.

त्या माणसाने पुढे लिहिलं होतं, फाँटची फाइल उघड आणि अगदी खाली जा. मी गेले. शेकडो जोडाक्षरांच्या पलीकडे, जिथे मी कधी उतरले नव्हते, तिथे आणखी एक ल होता. मधून देठ उतरलेला, दोन्हीकडे दोन पाकळ्या, उजवीकडे काठी नाही. बाबा जो ल शिकले होते, आई किराण्याच्या चिठ्ठीत काढते तो ल. शेजारी देठाचा श. मी नेहमी काढत आले तो हिंदीचा ल, उजवीकडे उभी काठी असलेला. चांगल्या डोळ्यांना दोन्ही चालतात, बाबांनीही फोनवर तो ल वर्षानुवर्षं वाचला होता. पण डोळा अधू झाल्यावर त्या ल ची काठी आणि पुढच्या कान्याची काठी मिसळून जात होत्या. आणि मराठीत तर आला, गेला, केला, खाल्ला, सगळं काही ला वरच संपतं. आई म्हणाली, "बरोबर आहे, आपलं सगळं होऊनच गेलेलं असतं."

पण मला त्या क्षणी काठ्यांचं काही सुचत नव्हतं. मी त्या पाकळीच्या ल कडे बघत बसले होते. हा फाँट ज्यांनी केला त्यांना जगभरच्या लोकांसाठी काम करायचं होतं. कुणीही त्यांच्याकडे मराठी ल मागितला नसेल. तरी त्यांच्यातल्या कुणीतरी थांबून विचार केला की मराठी माणसं हे अक्षर वेगळं काढतात, आणि तो ल नीट, जीव ओतून, वळण सांभाळून काढला आणि आत ठेवून दिला. संगणकाला एकदा सांगायचं, ही मराठी आहे, की तो आपणहून पुढे येणार. आम्ही सांगितलंच नव्हतं. इतके महिने तो तिथे होता. कोणी तरी आपली आठवण ठेवली होती आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, या विचाराने मला भरून आलं. तो ल काढणाऱ्याचे आभार कसे मानायचे ते मला आजही कळलेलं नाही.

यादीत मराठी निवडल्यावर त्या ल ला आणि त्या श ला बाकीच्या अक्षरांसारखं करायचं काम उरलं: पोट मोकळं, अंतर जास्त. चर्चेतला तो अनोळखी माणूस रोज बघून सांगायचा, डावी पाकळी जड झाली, देठ जरा वर घे. आईने तक्रारींचा नवा साठा दिला. बाबांनी कागद हातात घेतला, मान वळवली, आणि वाचू लागले. घडाघडा नाही. सावकाश, चालायला शिकणाऱ्यासारखे, एकेक शब्द धरत. "ओला... टॉवेल... पलंगावर... टाकला..." मग थांबून म्हणाले, "तो मी नव्हता टाकला."

आईने तोंडाला पदर लावला. त्या दिवशी बाबांनी स्वतःवरचे सगळे आरोप मोठ्याने वाचले आणि एकेक करून फेटाळले. मला त्यांचं वाचणं कधी इतकं गोड लागलं नव्हतं.

तरीही गणपतीच्या दिवशी मला धास्ती होती. घरात खिडकीशी बसून वाचणं वेगळं, भरल्या हॉलमध्ये माइकसमोर उभं राहून वाचणं वेगळं. आणि अहवाल अजून त्यांना पाठ होताच. घाबरले तर पाठ म्हणायला लागतील, आणि मग मला कधीच कळणार नाही की त्यांनी काय केलं. म्हणून मी एक उपद्व्याप केला. शेवटच्या छपाईत, आभारांच्या परिच्छेदात, मोदक करणाऱ्या भगिनींच्या नंतर मी एक वाक्य घातलं, जे बाबांनी सांगितलेलं नव्हतं आणि बघितलेलं नव्हतं. पाठ म्हणत असतील तर ते त्यावरून सहज पुढे निघून जातील. हॉलमध्ये कुणाला काही कळणार नाही, त्यांची शोभा होणार नाही. फक्त मला कळेल. आईलाही मी हे सांगितलं नाही.

अहवाल सुरू झाला. मागच्या रांगा नेहमीप्रमाणे चहाला उठल्या. बाबा कागद डावीकडे धरून वाचत होते, नेहमीपेक्षा सावकाश, आणि हॉलमधल्यांना वाटत असावं की ते भिंतीवरच्या तोरणाला अहवाल सांगताहेत. पान संपलं तेव्हा त्यांनी ते उलटलं. मी आईकडे बघितलं, तिनेही ते पाहिलं होतं. मग आभार आले. हॉलचे मालक, मंडपवाले, दिव्यांची व्यवस्था बघणारे, मोदक करणाऱ्या भगिनी.

बाबा थांबले.

थांबले ते थांबलेच. अध्यक्ष काका खुर्चीत पुढे सरकले. बाबांनी कागद जवळ घेतला, जरा तिरका केला, मान आणखी वळवली. आणि मग त्यांनी वाचलं, एकेक शब्द उचलून, जसं आईच्या तक्रारी वाचायचे तसं:

"आणि... हा अहवाल ज्या अक्षरांत छापला आहे... त्यातला पाकळीचा ल... ज्या अनोळखी माणसाने... आपल्यासाठी आधीच काढून ठेवला होता... त्याचेही आभार."

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. दोघाचौघांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. बाबांनी मान वर केली आणि माझ्यापासून बाजूला, दाराकडे बघितलं. पण एव्हाना मला ठाऊक होतं की ते बाजूला बघतात तेव्हा कुणाकडे बघत असतात. मी हात वर केला. त्यांनी मान हलवली आणि 'लोभ असावा' म्हणून कागदाची घडी घातली.

परतताना टॅक्सीत त्यांनी अहवालाची घडी माझ्या हातात दिली. मग चिटणिसाच्या आवाजात म्हणाले, "अहवालात परस्पर मजकूर घालायचा नसतो. कार्यकारिणीची मंजुरी लागते." मी बरं म्हटलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, त्या माणसाचं नाव का नाही घातलंस. मी सांगितलं की फाँटच्या फायलीत पुष्कळ नावं आहेत, पण ल कुणी काढला ते त्यात लिहिलेलं नाही. "मग सगळ्यांनाच पोचले असं समजू," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, खुर्ची दिव्याखाली ओढली आणि तो कागद परत मागितला. आईला बोलावलं. ते वाक्य कुठे आहे ते बोटाने शोधत त्यांनी ते तिला पुन्हा एकदा वाचून दाखवलं, अडखळत, मान वळवून. ते त्यांना अजून पाठ झालेलं नव्हतं.